ट्रॅक्शन फोर्स मायक्रोस्कोपी उभी करताना: कामाच्या नोंदी

४ जून

काम असं आहे. सरपटणारी एकटी पेशी खालच्या पृष्ठभागाला कुठे, कोणत्या दिशेने आणि किती जोराने ओढते ते मोजायचं. पेशी एनआयएच ३टी३ फायब्रोब्लास्ट (उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशी). पृष्ठभाग पॉलिअॅक्रिलअमाइडचं मऊ जेल, आणि जेलच्या वरच्या थरात लाल चमकणारे ०.२ मायक्रोमीटरचे बीड्स, म्हणजे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी. पेशी ओढते, जेल ताणलं जातं, बीड्स जागचे हलतात. पेशी काढून टाकली की ते मूळ जागी परततात. दोन्ही वेळच्या फोटोंतला फरक म्हणजे विस्थापन. जेलचा ताठपणा माहीत असेल तर विस्थापनावरून बळ काढता येतं.

पद्धत जुनीच आहे. १९८० साली अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यावर पेशी वाढवल्या, तेव्हा चादर मुठीत धरून ओढल्यावर पडतात तशा सुरकुत्या त्यावर उमटल्या. ओढ दिसली, पण सुरकुतीवरून आकडा काढणं अवघड. १९९७ मध्ये पेलम आणि वांग यांनी पॉलिअॅक्रिलअमाइडची जेलं वापरात आणली. १९९९ मध्ये डेम्बो आणि वांग यांनी सरकत्या फायब्रोब्लास्टखालच्या बळांचा नकाशा काढला. त्यामुळे आमच्या कामात शोध वगैरे काही नाही, फक्त आमच्याकडे ही सोय नव्हती. नोंदी लिहितेय कारण छापील पद्धतींत ‘जेल तयार करून त्यावर पेशी सोडाव्यात’ एवढंच वाक्य असतं, आणि आमचा निम्म्याहून जास्त वेळ त्या वाक्यात गेला.

६ जून

खालची काच. जेल काचेला घट्ट चिकटायला हवं, नाहीतर पेशीने ओढल्यावर अख्खं जेलच घसरेल. त्यासाठी काचेला बाइंड-सिलेन लावायचं. इथॅनॉल, थोडं अॅसेटिक अॅसिड आणि सिलेन यांचं मिश्रण काही मिनिटं काचेवर ठेवायचं, मग इथॅनॉलने धुऊन वाळवायचं.

पहिल्या खेपेची सगळी जेलं रात्रभर बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवल्यावर सकाळी तरंगत होती. आधी काच नीट धुतली नसेल असं वाटलं, म्हणून प्लाझ्मा क्लीनरमधून काढली. तरी तेच. शेवटी बाटली उजेडात धरली तर आतलं सिलेन गढूळ झालेलं. हवेतल्या ओलाव्याने ते बाटलीतच आपसात जुळत जातं आणि मग काचेसाठी काही उरत नाही. नवी बाटली उघडली आणि लगेच लहान कुप्यांत वाटून कोरड्या डब्यात ठेवली. तेव्हापासून एकही जेल सुटलेलं नाही.

काचेची कोणती बाजू सिलेन लावलेली हे डोळ्यांना कळत नाही. हिऱ्याच्या पेनाने कोपऱ्यात एक अक्षर कोरा. अक्षर सुलटं दिसलं तर बाजू बरोबर.

९ जून

जेलचं मिश्रण: अॅक्रिलअमाइड ५ टक्के, बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक) ०.१५ टक्के. छापील तक्त्यांनुसार याचा ताठपणा ४ ते ५ किलोपास्कलच्या घरात यावा. अठरा मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिपखाली १५ मायक्रोलिटर घातलं की थर साधारण ५९ मायक्रोमीटरचा होतो. बफरमध्ये फुगून तो आमच्याकडे ७० च्या आसपास जातो.

घट्ट होण्याच्या वेळेत फार तफावत येत होती. कधी पाव तासात, कधी तासाभरानेही पाणीच. दोन कारणं निघाली. एक, घट्ट होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या एपीएसचं द्रावण आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेलं होतं. आता लागेल तेवढं त्याच दिवशी करते. दुसरं, विरघळलेला ऑक्सिजन. तो जेल घट्ट करणारी साखळी-क्रिया मध्येच तोडतो, म्हणून मिश्रण व्हॅक्यूमखाली अर्धा तास ठेवून मगच एपीएस आणि टेमेड (क्रियेला वेग देणारं) घालायचं. उरलेलं मिश्रण ट्यूबमध्ये तसंच ठेवा. ट्यूब तिरकी केल्यावर ते हललं नाही, तर कव्हरस्लिपखालचंही झालं असं समजायचं.

घट्ट होण्याआधीचं अॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक आहे. हातमोजे, आणि पावडरऐवजी तयार द्रावण. पावडर वजन करताना उडते.

११ जून

वरची कव्हरस्लिप उचलताना जेल फाटतं. उपाय कंटाळवाणा पण हमखास: तिला आधी पाणी न धरणारं सिलेन लावा, जेल झाल्यावर सगळं बफरमध्ये बुडवा, दहा मिनिटं थांबा, मग बुडालेल्या अवस्थेतच चिमट्याचं टोक कडेखाली घालून तिरकी उचला. कोरड्यात उचलली तर बहुतेक वेळा मधोमध भेग.

१६ जून

ताठपणा. तक्त्यातला आकडा उचलून पुढे जायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण बळाचा आकडा ताठपणाच्या सरळ प्रमाणात बदलतो. ताठपणा दुप्पट धरला की बळही दुप्पट छापलं जाणार.

आमच्याकडे अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप (सूक्ष्म टोकाने दाबून ताठपणा मोजणारा) नाही, म्हणून गोळीची पद्धत घेतली. ०.६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी जेलवर अलगद सोडायची आणि तिच्याखालचा बीड्सचा थर किती खाली गेला ते फोकसच्या नॉबवरून वाचायचं. बफरमधलं तिचं वजन साधारण ७.५ मायक्रोन्यूटन. पुढचं काम हर्ट्झच्या सूत्राचं, जे गोळी किती रुतली त्यावरून ताठपणा देतं. एअर ऑब्जेक्टिव्ह (तेल-पाणी न लावता वापरायचं भिंग) वापरत असाल तर नॉबवरचं अंतर १.३३ ने गुणायला विसरू नका. पाण्यातून पाहताना खोली प्रत्यक्षापेक्षा कमी भासते.

आकडा आला १२ किलोपास्कल. अपेक्षेच्या अडीचपट. मिश्रण पुन्हा केलं, पुन्हा बाराच. इथे दोन दिवस गेले, कारण शोध मिश्रणात चालू होता आणि दोष मोजणीत होता. गोळी ७-८ मायक्रोमीटर रुतते आणि तेवढ्यात जेलला तिचा स्पर्श होतो त्या वर्तुळाची त्रिज्या ४५ मायक्रोमीटरच्या वर जाते. जेल आहे ७० मायक्रोमीटर जाड. म्हणजे गोळीला जेलखालची काच जाणवते. हर्ट्झचं सूत्र मात्र जेल अमर्याद खोल आहे असं धरून चालतं.

तेच मिश्रण दोन मिलिमीटर जाड ओतलं. गोळी १४ मायक्रोमीटर रुतली, ताठपणा ४.६ किलोपास्कल. पेशींसाठी पातळ जेल आणि मोजणीसाठी त्याच ट्यूबमधलं जाड जेल, अशी जोडी आता प्रत्येक खेपेला ओततो.

मग पेशीला ती काच जाणवत नाही का, हा प्रश्न रास्त आहे. पेशीची एकेक पकड काही मायक्रोमीटरची असते, त्या मानाने ७० मायक्रोमीटर पुष्कळ खोल. अगदी पातळ जेलांवर मात्र पेशी ताठ पृष्ठभागावर असल्यासारखी पसरते.

२४ जून

बीड्स. आधी ते मिश्रणातच घातले होते. जेलभर पसरले, आणि फोकसबाहेरच्या बीड्सच्या धुक्यात वरचा थर दिसेनासा झाला. काही ठिकाणी सल्ला असतो की जेल घट्ट होताना उलटं ठेवा, बीड्स खाली बसतील. करून पाहिलं, काडीचा फरक नाही. मग गणित मांडलं, जे आधी मांडायला हवं होतं. पॉलिस्टायरिन पाण्याहून जेमतेम ५ टक्के जड. ०.२ मायक्रोमीटरचा बीड सेकंदाला साधारण १ नॅनोमीटर खाली जातो, अर्ध्या तासात २ मायक्रोमीटर. जेल ७० मायक्रोमीटरचं. ही युक्ती मोठ्या बीड्ससाठी असेल, यांच्यासाठी नाही.

चाललं ते असं: वरच्या कव्हरस्लिपला पॉलिलायसिनचा हलका थर, त्यावर पाण्यात विरळ केलेले बीड्स काही मिनिटं, धुऊन वाळवणं, आणि मग तीच कव्हरस्लिप मिश्रणावर पालथी. जेल घट्ट होताना बीड्सना धरून ठेवतं आणि कव्हरस्लिप निघाल्यावर ते जेलच्या अगदी वरच्या थरात राहतात, सगळे एकाच पातळीत. बीड्स पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) विरळ करू नका. क्षारांमुळे त्यांच्यावरचा भार झाकला जातो आणि गुठळ्या होतात. साधं शुद्ध पाणी घ्या आणि वापरण्याआधी ट्यूब सोनिकेटरमध्ये धरा.

दाटी किती हवी ते पुढे विश्लेषणात कळलं, पण इथेच लिहिते: चौरस मायक्रोमीटरला साधारण ०.८ बीड.

३० जून

पेशी चिकटत नाहीत. जेलच्या कडेबाहेर उघड्या काचेवर मस्त पसरल्यात आणि जेलवर सगळ्या गोल. हे चित्र दिसलं तर पेशींना दोष देऊ नका, जेलवर प्रथिनाचं कोटिंग झालेलं नाही. पॉलिअॅक्रिलअमाइडला प्रथिनं आपसूक धरत नाहीत. याच गुणासाठी ते निवडतात, कारण पेशीला जे धरायला मिळतं ते आपण जोडलेलं तेवढंच.

जोडणीसाठी सल्फो-सॅनपाह हे रसायन. त्याचं एक टोक ३६५ नॅनोमीटरच्या यूव्हीने जेलला धरतं, दुसरं प्रथिनाच्या अमाइन गटाला. दुसरं टोक पाण्यात आपोआप निकामी होत जातं. आम्ही सकाळी द्रावण करून दुपारपर्यंत वापरत होतो. म्हणजे दुपारच्या जेलांवर जवळपास रंगीत पाणीच ओतत होतो. त्यातून धुण्यासाठी घेतलेला बफर ट्रिस निघाला. ट्रिसमध्ये स्वतःचाच अमाइन गट असतो, त्यामुळे उरलंसुरलं त्याने खाल्लं.

महाग रसायन आहे. वाया गेलं त्यात तीन-चार खेपांची जेलं झाली असती.

३ जुलै

जमलं. सल्फो-सॅनपाह कोरड्या डीएमएसओ द्रावकामध्ये विरघळवून लहान कुप्यांत उणे ८० अंशांवर, अंधारात. लागेल तेव्हा एक कुपी हेपेस बफरमध्ये, सामू ८.५, आणि लगेच जेलवर, लगेच यूव्हीखाली. केशरी रंग तपकिरीकडे झुकला की प्रकाशाने जेलला जोडायचं टोक जोडलं गेलं. धुऊन, पुन्हा एकदा तेच. मग १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला धरतात ते प्रथिन), रात्रभर ४ अंशांवर.

आधी कोलॅजन घेतलं होतं. ते आम्लात ठेवलेलं असतं, जोडणीसाठी सामू वर न्यावा लागतो, आणि मग गार ठेवायला जरा उशीर झाला की त्याचे धागे बनायला लागतात. फायब्रोनेक्टिनला हा ताप नाही.

एक जेल मुद्दाम कोटिंगशिवाय ठेवतो. त्यावर पेशी गोल राहिल्या पाहिजेत. पसरल्या तर काहीतरी भलतंच धरून बसल्यात.

८ जुलै

पहिला नकाशा! पेशी लांबट, पुढे पंख्यासारखा पसरलेला लॅमेलिपोडियम, मागे शेपूट. दोन्ही टोकांना लाल-पिवळे डाग, बाण आतल्या बाजूला वळलेले. पुस्तकातल्यासारखं. चित्र घेऊन सरांकडे गेले.

त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. आता पेशी नसलेल्या जागेचा दाखव.”

तसा काढलाच नव्हता. संध्याकाळी काढला. रिकाम्या जेलवर, जिथे ओढायला कोणी नाही, तिथेही बाण होते. ठिकठिकाणी ९० पास्कलपर्यंत. रंगपट्टी आपोआप जुळवून घेण्यावर ठेवली की त्या रिकाम्या जागेचंही चित्र पेशीच्या चित्राइतकंच देखणं येतं, हे जास्त घाबरवणारं होतं.

तेव्हापासून नियम: दर वेळी आधी रिकाम्या जागेचा नकाशा, तोही दोन फोटोंमध्ये तितकाच वेळ सोडून आणि मधे ट्रिप्सिन (पेशींना जेलवरून सोडवणारं विकर) घालूनच. त्यात जे बळ दिसेल ती आपली तळरेषा. पेशीखाली त्याच्या आसपासचं काहीही दिसलं तरी ते मोजलेलं धरायचं नाही. आणि रंगपट्टीचं वरचं टोक सगळ्या चित्रांना एकच.

१४ जुलै

तळरेषा खाली आणण्याच्या मागे आहे. आमच्या ६० पट ऑब्जेक्टिव्हला आणि ६.५ मायक्रोमीटर पिक्सेलच्या कॅमेऱ्याला एक पिक्सेल म्हणजे ०.१०८ मायक्रोमीटर. चांगल्या विश्लेषणात पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत जाता येतं. आमचा गोंधळ अर्ध्या पिक्सेलहून जास्त होता.

बरंचसं पाप तापमानाचं. मायक्रोस्कोपभोवतीची गरम पेटी ३७ अंश दाखवते तेव्हा पेटीतली हवा ३७ अंश झालेली असते. ऑब्जेक्टिव्हचं पितळ आणि स्टेजचं लोखंड त्यानंतर कितीतरी वेळ तापत आणि फुगत राहतं. पेटी आदल्या रात्रीच चालू करून ठेवली, आणि नुसत्या या एका गोष्टीने रिकाम्या जागेचा गोंधळ जवळपास निम्मा झाला.

दुसरं, ट्रिप्सिन. फ्रिजमधून काढून थेट डिशमध्ये घातलं की गार द्रवाने फोकस पळतो आणि मागे यायला बराच वेळ घेतो. आता ते पेटीतच तापत ठेवलेलं असतं. पिपेटने घालताना डिशला हात लागायचाच, म्हणून झाकणाला दोन भोकं पाडून बारीक नळ्या बसवल्या. एकीने मीडिया (पेशींचा पोषक द्रव) काढायचा, दुसरीने ट्रिप्सिन सोडायचं, दोन्ही बाहेरून सिरिंजने. अर्ध्या दिवसाचं काम, आणि सगळ्या खटाटोपात सर्वात वसूल झालेलं हेच.

पेशी गोल झाली म्हणजे सुटली असं नाही. गोल झालेली पेशीही मागच्या धाग्यांनी जेल धरून असते. दर मिनिटाला फोटो घेत राहा आणि बीड्स हलायचे थांबले की त्यातला शेवटचा संदर्भ म्हणून घ्या.

१७ जुलै

फोकस. संदर्भाचा फोटो अर्धा मायक्रोमीटर जरी वरखाली असला तरी बीड्सचे ठिपके जाड-बारीक होतात आणि सॉफ्टवेअरला ते सरकल्यासारखे वाटतात. आता एकेक फोटो न घेता दोन्ही वेळा ०.३ मायक्रोमीटरच्या पायऱ्यांनी वेगवेगळ्या खोलीच्या फोटोंचा थर घेते आणि पेशीपासून दूरच्या कोपऱ्यात सर्वात जास्त जुळणारी जोडी निवडते. त्याच कोपऱ्यावरून आडवं सरकणंही दुरुस्त होतं. कोपरा खरंच दूर हवा, पेशीची ओढ तिच्या कडेबाहेरही बरीच पोचते.

तळरेषा आता २० पास्कलच्या आत.

२२ जुलै

विश्लेषण फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये. आधी पीआयव्ही, म्हणजे फोटोचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन दुसऱ्या फोटोत कुठे गेला ते शोधणं. मग फूरिए पद्धतीने विस्थापनावरून बळ. ही दुसरी पायरी बटलर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सोपी करून ठेवली.

चौकोन केवढा? १२८ पिक्सेलपासून सुरुवात करून ३२ वर थांबले, म्हणजे ३.५ मायक्रोमीटर. सोळावर गेलं की नकाशा बारीक आणि भारी दिसतो, पण एका चौकोनात दोन-तीनच बीड्स उरतात आणि बाण वाटेल तिकडे उडतात. चौकोनात दहाच्या आसपास बीड्स हवेत. वरचा ०.८ चा आकडा इथूनच आला.

दुसरी किल्ली रेग्युलरायझेशनची, म्हणजे नकाशा किती गुळगुळीत करायचा त्याची. ती कमी ठेवली तर गोंधळही बळ म्हणून दिसतो, जास्त ठेवली तर शिखरं चपटी होतात. ‘योग्य’ किंमत कुठेच लिहिलेली नाही. आम्ही रिकाम्या जागेवर ती वाढवत नेली, तळरेषा खाली यायची थांबली तिथे थांबलो, आणि पुढे सगळ्या पेशींना तीच ठेवली. पेशीपेशीला वेगळी किंमत लावली की तुलना संपली.

२५ जुलै

बारा-पंधरा वेळा जास्तीचे पॅसेज (वाढलेल्या पेशी नव्या डिशमध्ये हलवणं) झालेल्या पेशी मंद आणि अवाढव्य दिसायला लागल्या. फेकल्या, नव्या कुपीतून सुरुवात. मायकोप्लाझ्मा या जीवाणूच्या संसर्गाची तपासणीही केली, निघाला नाही.

२९ जुलै

आता भरवसा ठेवावा असे नकाशे येतायत. आणखी एक फुकटची तपासणी हाती लागली: पेशीखालच्या सगळ्या बाणांची बेरीज. या आकारमानात जडत्वाला काही अर्थ नसतो आणि भोवतालच्या द्रवाचा विरोध नगण्य, त्यामुळे पुढची ओढ आणि मागची ओढ एकमेकींना फेडायला हव्यात. बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी. आम्ही बाणांच्या एकूण लांबीच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. तिच्याबाहेर गेलेल्या पेशी उघडून पाहिल्या तर जवळजवळ प्रत्येकीचं कारण सापडलं: चित्राच्या कडेला होती, किंवा शेजारणीला चिकटलेली होती. दोन पेशी एकमेकींना ओढत असतील तर ती ओढ जेलमध्ये उतरतच नाही. म्हणून फक्त एकट्या पेशी.

चित्र काय दिसतं? शिखरं बहुतेक ५०० पास्कलच्या वर, काही हजाराच्याही पुढे. ती लॅमेलिपोडियमच्या अगदी कडेला नसतात, जरा मागे असतात. कडा पुढे ढकलली जाते अॅक्टिनच्या (पेशीतल्या प्रथिनधाग्यांच्या) वाढीने. ओढ लागते मागे, जिथे पकडी पक्क्या झालेल्या असतात आणि मायोसिन हे प्रथिन ते धागे खेचत असतं. आणि ही ओढ पेशीला पुढे जायला लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. हॅरिस यांनीही तेच लिहून ठेवलंय: फायब्रोब्लास्ट ज्या जोराने ओढतात तेवढा नुसत्या चालण्याला लागत नाही, ते भोवतालचं कोलॅजन ओढून रचण्याच्या कामाचं असावं. जोरात ओढणारी पेशी म्हणजे जोरात पळणारी पेशी, असं मनात धरून बसू नका.

५ ऑगस्ट

एका फोटोऐवजी चित्रफीत. पाच मिनिटांना एक फोटो, पेशी तेवढ्यात दोन-तीन मायक्रोमीटर सरकते. पहिल्या काही फितींत पेशी तासाभरात आक्रसून थांबायच्या. दिव्याची तीव्रता दहाव्या भागावर आणली, एक्सपोजर थोडं वाढवलं, थरांची संख्या कमी केली, तेव्हा रात्रभर चालायला लागल्या. लाल बीड्स घेतले ते याचसाठी. हिरव्या बीड्सना निळा प्रकाश लागतो आणि तो पेशींना जास्त सोसवत नाही.

कालच्या फितीत शेपूट सुटताना सापडली. मागची ओढ वाढत गेली, पुढची तिच्या बरोबरीने वाढली, पेशी जागच्या जागी ताणत राहिली. मग एका फोटोत मागचा डाग एकदम नाहीसा, पुढचाही अर्ध्यावर, आणि पुढच्या फोटोत पेशी भलतीच पुढे. मधल्या पाच मिनिटांत काय झालं ते आपल्याकडे नाही. दर मिनिटाला फोटो हवे असतील तर रात्रभराचा हट्ट सोडावा लागेल.

१२ ऑगस्ट

खातरजमेसाठी ब्लेबिस्टॅटिन हे औषध. ते मायोसिन-२ ला थांबवतं, म्हणजे ओढ कोसळायला हवी. कोसळली. अर्ध्या तासात नकाशा तळरेषेला टेकला. पण नंतरच्या फोटोंत ओढ हळूहळू परत यायला लागली, औषध डिशमध्ये असताना.

डिश सरकवून ज्यांच्यावर दिवा पडला नव्हता त्या पेशी पाहिल्या तर त्या तशाच ढिल्या, लांब शेपट्या सोडून पडलेल्या. म्हणजे प्रकाशाचा प्रश्न. निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन निकामी होतं, वर त्यातून पेशीला विषारी ठरणारं काही तयार होतं. या पेशींत अॅक्टिन दाखवणारं हिरवं प्रथिन आहे आणि त्याचा फोटो काढायला आम्ही दर पाच मिनिटांनी निळा दिवा लावत होतो.

हिरवी वाहिनी बंद. पेशीची कडा फेज कॉन्ट्रास्टमध्ये (रंगीत प्रथिनाशिवाय पेशी दाखवणाऱ्या पद्धतीत), तोही दिव्यापुढे लाल फिल्टर लावून. ओढ खाली गेली ती खालीच राहिली. जोडीला १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ घेतलं, जे रॉक किनेज या विकराला अडवून वेगळ्या वाटेने मायोसिनपर्यंत पोचतं. तिथेही ओढ उतरली, आणि धुऊन काढल्यावर परत आली. नुसतं डीएमएसओ घातलेल्या पेशींत काही बदल नाही. हिरवं प्रथिन लागणारच असेल तर प्रकाशाला टिकणारं पॅरा-नायट्रो-ब्लेबिस्टॅटिन मिळतं.

१९ ऑगस्ट

ताठ जेल. अॅक्रिलअमाइड १० टक्के, बिस ०.३ टक्के, जाड जेलवर मोजलं तर ३५ किलोपास्कल. पेशी छान पसरल्या, पण नकाशा जवळजवळ कोरा. पेशी ओढत नाहीत असं नाही. एवढ्या ताठ जेलला १,००० पास्कलची ओढ पकडीखाली एखादा पिक्सेल हलवते, आणि याच जेलवरची रिकाम्या जागेची तळरेषा काढली तर तीही दीडशेच्या वर, कारण तेवढ्याच पिक्सेलच्या गोंधळाला इथे आठपट ताठपणाने गुणलं जातं. वीस पास्कलची तळरेषा मऊ जेलची होती. ती इथे आणून लावली असती तर या ताठ जेलवरच्या आकड्यांना अर्थ आहे असं वाटलं असतं.

तुलना करायची तर १ ते १० किलोपास्कलमध्येच, आणि प्रत्येक ताठपणाची तळरेषा स्वतंत्र.

२६ ऑगस्ट

सध्या चालू असलेला क्रम: सोमवारी काचा, मंगळवारी जेल आणि कोटिंग, बुधवारी सकाळी पेशी, बुधवारी रात्री पेटी चालू, गुरुवारी मोजणी. कोटिंग केलेलं जेल पीबीएसमध्ये ४ अंशांवर चार-पाच दिवस टिकतं, पण पेशी सोडण्याआधी ते तासभर मीडियात ३७ अंशांवर ठेवतो. एका गुरुवारात पाच-सहा पेशींपेक्षा जास्त होत नाहीत, कारण ट्रिप्सिन घातलं की त्या डिशचा खेळ संपतो. एका डिशमध्ये जास्त जागा लक्षात ठेवणारी मोटर असलेली स्टेज असेल तर हा आकडा बराच वाढेल. आमच्याकडे ती हाताने फिरते.

पुढे १ किलोपास्कलचं जेल. त्यावर हीच गोळी ४० मायक्रोमीटरच्या आसपास रुतेल, म्हणून मोजणीचं जेल दोनऐवजी चार मिलिमीटरचं ओतायचंय. इतकं जाड जेल आमच्या लाँग वर्किंग डिस्टन्स ऑब्जेक्टिव्हच्या (लांबून फोकस होणाऱ्या भिंगाच्या) आवाक्यात बसतं का ते शुक्रवारी पाहणार. बसलं नाही तर लहान गोळी शोधावी लागेल.